नाशिक : तेलावरचे अवलंबित्व आणि खासगी गाडीला पर्याय

पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांवर शहर किती विसंबून आहे, हे विसंबणे कमी कसे करायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, याविषयी नाशिक शहरात व जिल्ह्यात चालत आलेली सार्वजनिक चर्चा. दरवाढ झाली की ती पेटते आणि दर स्थिरावले की निवते. वेळोवेळी करकपात, इथेनॉल, सीएनजी, इलेक्ट्रिक वाहने, शहर बस, मेट्रो, सायकल असे अनेक विषय तिच्यात आले. त्यांपैकी करांवर सर्वाधिक बोलले गेले आणि बसवर सर्वांत कमी. प्रस्तुत लेखकाच्या मते चर्चेची मुख्य उणीव हीच आहे.

दराचा प्रश्न

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडल्यावर स्वयंपूर्णतेची आशा निर्माण झाली होती. वाढत्या मागणीपुढे ती टिकली नाही. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून पंपावरचा दर रोज बदलू लागला. जग स्वस्त होताना पंप स्वस्त होतोच असे नाही, हे ग्राहकाला २०२० मध्ये उमगले. त्या वर्षी करोनामुळे तेलाचे आंतरराष्ट्रीय भाव कोसळले, पण मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले. पुढच्या वर्षी भाव चढले तेव्हा महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली. दुचाकी ढकलत काढलेले मोर्चे, बैलगाड्या, सायकल फेऱ्या अशी आंदोलने राज्यभर झाली. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने, तर जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केले. पेट्रोल आजही वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. महाराष्ट्रात टक्केवारीच्या व्हॅटवर लिटरमागे पाच रुपयांहून अधिक जादा आकार द्यावा लागतो, आणि नाशिककरही त्यातून सुटत नाहीत.

कराविषयीची तक्रार रास्त आहे. पण करकपातीने मिळालेले चार-पाच रुपये पुढच्या भाववाढीत जातात आणि रोजचे अंतर मात्र तेवढेच राहते. नाशिकरोडला राहून सातपूरच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराचे जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले, दुचाकीचे मायलेज ४५ धरले आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर त्याला सतरा-अठरा लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०४ रुपयांच्या हिशेबाने ते अठराशे रुपये होतात. दर पाच रुपयांनी उतरला तर त्याचे नव्वदच्या आसपास रुपये वाचतात. कामाच्या वेळेला येणारी, भरवशाची बस मिळाली तर यातली मोठी रक्कम वाचेल.

तेलाच्या पुरवठ्यात जिल्ह्याचे स्वतःचेही एक स्थान आहे. मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे साठवण प्रकल्प आहेत. मुंबईहून नळवाहिनीने आलेले इंधन तिथून टँकरने उत्तर महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जाते. परभणीत पेट्रोल राज्यात सर्वाधिक महाग का, या प्रश्नाच्या उत्तरात मनमाडपासूनचे अंतर हे एक कारण नेहमी सांगितले जाते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत भारतीय न्याय संहितेतील अपघात करून पळून जाण्याविषयीच्या कठोर तरतुदीविरुद्ध वाहनचालकांनी संप केला. पानेवाडीचे टँकर थांबले आणि शहरातल्या पंपांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या. केंद्र सरकारच्या आश्वासनानंतर संप मिटला. तेल महाग करणारे परदेशातले युद्ध लांबचे वाटते. पण डेपोपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या शहराचा धीर एक-दोन दिवसांत सुटू शकतो, हे या प्रसंगाने दाखवले.

शहराची ठेवण

जुने नाशिक पायी फिरण्याचे गाव होते. भद्रकाली, रविवार कारंजा, मेन रोड, रामकुंड ही सारी ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. रेल्वे स्थानक मात्र गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर पडले. हे अंतर जोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेन रोड ते नाशिकरोड अशी ट्राम सुरू झाली. आरंभी ती घोडे ओढत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. ज्या मार्गावर आज स्वतंत्र सार्वजनिक वाहतूक मार्गिका हवी म्हणून मागणी होते, त्यावर शंभर वर्षांपूर्वी रूळ होते.

१९६० नंतर सातपूर आणि पुढे अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या. कामगारांसाठी सिडकोने नवीन नाशिक वसवले. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड, देवळाली परिसर आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हाच तिचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली. एवढ्या पसरलेल्या शहरात वस्ती विरळ राहिली, बसची फेरी लांबली, प्रवासी तुटक झाले आणि घरोघरी दुचाकी आली. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव येथे नंतर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत फ्लॅट घेताना लोक पार्किंग विचारून घेतात. बसथांबा किती लांब आहे, हे क्वचितच विचारतात. त्यांचा यात दोष नाही. थांबा असला तरी बस कधी येईल, हे सांगणारे तिथे कोणी नसते.

शहर बस

राज्य परिवहन महामंडळ अनेक दशके नाशिकची शहर बस चालवत होते. ती तोट्यात गेली, फेऱ्या घटल्या आणि महापालिकेने ती चालवावी की नाही, यावर वर्षानुवर्षे खल झाला. अखेर नाशिक महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी स्थापन होऊन ८ जुलै २०२१ रोजी ‘सिटीलिंक’ सेवा सुरू झाली. २०० सीएनजी आणि ५० डिझेल अशा एकूण २५० बसचे नियोजन होते. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास एसटीचा प्रदीर्घ संप सुरू झाला आणि शहरातली ही नवी सेवा किती मोलाची आहे, हे आपोआप कळले.

ही सेवा ठोक खर्चाच्या कराराने चालते. बस ठेकेदाराची असते, महापालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते, तिकिटाचे उत्पन्न महापालिकेकडे येते आणि दोहोंतली तूट महापालिकेच्या तिजोरीवर पडते. बस रिकामी धावली तरी दर द्यावा लागतो, म्हणून तोटा दिसू लागला की पहिली कुऱ्हाड फेऱ्यांवर पडते. फेऱ्या कमी झाल्या की प्रवासी आणखी घटतात. महासभेत आणि वर्तमानपत्रांत या सेवेचा उल्लेख बहुतेक वेळा ‘पांढरा हत्ती’ असाच येतो. सेवेच्या बाजूने बोलणारे विचारतात, की रस्ते डांबरी करण्याचा, उड्डाणपुलांचा आणि फुकट पार्किंगच्या जागेचा नफा-तोटा कधी मांडला गेला? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

खरी अडचण बसच्या संख्येची आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषानुसार लाख लोकसंख्येमागे ६० बस ही उत्तम सेवा आणि ४० ते ६० ही त्याखालची. नाशिकच्या २५० बस २०११ च्या लोकसंख्येला भागल्या तरी लाखामागे १७ सुद्धा पडत नाहीत, आणि त्यानंतर शहर बरेच वाढले आहे. त्यातही वाहक आणि चालकांचे वेतन ठेकेदाराकडे थकल्याने सेवा अनेकदा ठप्प झाली. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या हंगामात बस बंद राहिली की पास काढलेला विद्यार्थी रिक्षा शोधतो आणि त्याचे वडील हप्त्यावर स्कूटर घ्यायचे ठरवतात. असा प्रवासी बसकडे परतत नाही.

कारखान्यांतल्या पाळ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. अंबड-सातपूरमध्ये दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात. मोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या बस आहेत. लहान वर्कशॉपमधल्या, ठेकेदारी कामगारांना ती सोय नाही. त्यात बायका असतील तर थांब्यावर दिवा आहे का, शेड आहे का, जवळ माणसांची ये-जा आहे का, यावर त्यांचे काम टिकणे अवलंबून असते. एसटीमध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. त्यानंतर गावाकडच्या गाड्यांमधली महिलांची गर्दी डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. शहर बसला तशी सवलत द्यावी, अशी मागणी त्यातूनच आली.

शहर बसची उणीव शेअर रिक्षा भरून काढते. शालिमार, सीबीएस, निमाणी, द्वारका, नाशिकरोड या ठिकाणी सीट भरेपर्यंत उभ्या राहणाऱ्या रिक्षांनी एक समांतर वाहतूक व्यवस्था उभी केली आहे. तिला वेळापत्रक नाही आणि चालकाशेजारी बसवलेला प्रवासी नियमात बसत नाही. तरीही हात दाखवला की ती थांबते आणि पुढच्या नाक्यापर्यंत नेते. पर्यायांच्या चर्चेत तिला अडथळा मानले जाते, हा अन्याय आहे. रिक्षाला ठरलेले मार्ग आणि हक्काचे थांबे देऊन बसशी जोडले, तर पेट्रोल सर्वांत लवकर तिथे वाचेल.

मेट्रो निओ आणि उड्डाणपूल

१ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. ही नेहमीची मेट्रो नव्हती. उन्नत मार्गावर रबरी चाकांची, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी ‘मेट्रो निओ’ महामेट्रोने सुचवली होती. गंगापूर ते नाशिकरोड हा तिचा मुख्य मार्ग. घोषणेनंतर शहरात आनंद व्यक्त झाला, जमिनींच्या जाहिरातींत मेट्रोचा उल्लेख येऊ लागला. पण प्रत्यक्ष काम सुरू झाले नाही. तिची वाट पाहण्यात बसच्या स्वतंत्र मार्गिकांचा विचार मागे पडला, हे नुकसान पैशात मोजता येणार नाही.

उड्डाणपुलांचे तसे झाले नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरील शहरातला लांब उड्डाणपूल २०१३ मध्ये वापरात आला. त्यावरून जाणाऱ्यांची सोय झाली, खाली द्वारका चौकातली कोंडी कायम राहिली. त्या चौकात पादचाऱ्यांसाठी बांधलेला भुयारी मार्ग वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला आणि माणसे वरून, गाड्यांच्या मधूनच रस्ता ओलांडत राहिली. मायको सर्कल, उंटवाडी, त्रिमूर्ती चौक या भागातल्या नियोजित उड्डाणपुलावरून २०२२ मध्ये मोठा वाद झाला. उंटवाडीच्या म्हसोबा मंदिराजवळचा पुरातन वड आणि इतर शेकडो झाडे त्याच्या आड येत होती. वृक्षप्रेमींनी हरकती घेतल्या, तत्कालीन पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी वड वाचवण्याच्या बाजूने लक्ष घातले. झाडांच्या निमित्ताने का होईना, या रस्त्यावर पूल खरोखर हवा आहे का, हा प्रश्न शहरात प्रथमच मोठ्याने विचारला गेला.

दुसरे इंधन

काहींच्या मते गाडी तीच ठेवून टाकीतले इंधन बदलावे. जिल्ह्यात ऊस आहे आणि येवला, मालेगाव, नांदगाव, चांदवड भागांत मका मोठ्या प्रमाणावर होतो, त्यामुळे इथेनॉलचा विषय नाशिकला परका नाही. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०२२ मध्ये गाठले गेले. २० टक्क्यांचे २०३० चे लक्ष्य अलीकडे आणून २०२५-२६ करण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाचा रस इथेनॉलकडे वळवण्यावर निर्बंध आल्यानंतर मक्याला मागणी वाढली. शेतकऱ्याला भाव मिळाला, पोल्ट्रीवाल्याचे खाद्य महागले. वाहनधारकांची तक्रार मायलेजची आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या घडणीच्या चारचाकीत ६ ते ७ टक्के आणि दुचाकीत ३ ते ४ टक्के घट गृहीत धरली होती. आयात कमी होण्याचा लाभ खरा आहे, पण ऊस आणि पाणी यांचा हिशेब दुष्काळी तालुक्यांना मांडावाच लागतो.

सीएनजीमुळे रिक्षा आणि बसचा धूर कमी झाला. तथापि देशात लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो, तेव्हा परावलंबनाचे उत्तर म्हणून त्याची मर्यादा उघड आहे. इलेक्ट्रिक दुचाकी शहराच्या अंतरांना साजेशी आहे. तिच्या मार्गात आडवे येते ते सोसायटीचे पार्किंग, कारण सामाईक मीटरवरून चार्जिंग करू द्यायचे की वेगळी लाइन ओढायची, यावर अनेक सभा तापल्या आहेत. ‘वीजही कोळशाचीच’ हा आक्षेप नाशिकमध्ये सहज सुचतो, कारण एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडवरून दिसतात. आक्षेपात तथ्य आहे, तरी विजेची मोटर तीच ऊर्जा इंजिनापेक्षा कितीतरी कमी वाया घालवते आणि कोळशासाठी आखातावर विसंबावे लागत नाही. बसच्या बाबतीत केंद्राच्या ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेकडे शहराचे लक्ष आहे.

रोजगाराची बाजू

नाशिकमध्ये ही चर्चा निव्वळ ग्राहकांची होऊ शकत नाही. महिंद्राच्या गाड्या इथे तयार होतात, बॉशच्या सातपूर कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल बनतात, सिएटचे टायर इथे तयार होतात. त्यांच्यामागे शेकडो लहान पुरवठादार आहेत. नोझलचे छिद्र अतिशय बारीक असते. ते अचूक पाडण्याचे कौशल्य मिळवायला कामगाराची वर्षे जातात, आणि इलेक्ट्रिक मोटरला नोझल लागत नाही. २०१९ ची वाहन उद्योगातली मंदी आणि पाठोपाठ एप्रिल २०२० पासून लागू झालेले वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष यांत हंगामी कामगारांना आधी घरी बसावे लागले. तेलापासून दूर जाण्याच्या कोणत्याही योजनेत या माणसांचे काय, हा प्रश्न पहिल्या पानावर हवा. शहराजवळ विद्युत उपकरणांचे कारखाने आहेत, एकलहऱ्याला १९८१ पासून रेल्वेचा कर्षण मशीन (इंजिनांच्या विजेच्या मोटरी) कारखाना आहे. हाताला वळण असलेल्या कामगाराला तिकडे नेणारे प्रशिक्षण देता येईल. तशी मागणी मात्र अजून क्षीण आहे.

सायकल आणि पायी चालणे

सायकलच्या बाबतीत नाशिकचे नाव देशभर आहे. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली. नाशिक सायकलिस्ट्सची पंढरपूरची सायकल वारी दरवर्षी निघते. पण हे सायकलपटू बहुतांशी पहाटे बाहेर पडतात आणि नऊ वाजता गाडीने कामावर जातात. दिवसाच्या रहदारीत सायकल चालवणारा असतो बांधकामावरचा मजूर, दूधवाला, शाळकरी मुलगा. स्मार्ट सिटी योजनेत अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या १.१ किलोमीटरच्या रस्त्यावर रुंद पदपथ आणि सायकल मार्ग झाले. काम रखडले, लोक वैतागले आणि त्या धर्तीवर शहरभर रस्ते करण्याचा उत्साह तिथेच संपला. भाड्याच्या सायकलींची सेवाही काही काळ चालून बंद पडली. पदपथ अखंड असणे, ही यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मागणी आहे.

सिंहस्थ

दर बारा वर्षांनी हे शहर खासगी गाडीशिवाय चालते. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, गाड्या शहराच्या वेशीबाहेरच्या वाहनतळांवर अडवतात, तिथून एसटीच्या बस भाविकांना आतल्या तळापर्यंत आणतात आणि रामकुंडाकडे सगळे पायी जातात. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, बंदोबस्त इतका कडक होता की वृद्धांना मैलोन्‌मैल चालावे लागले, दुकाने ओस पडली आणि प्रशासनावर टीका झाली. पुढच्या पर्वणीला निर्बंध सैल करण्यात आले. त्या अनुभवात दोन्ही गोष्टी आहेत: हजारो फेऱ्यांचे नियोजन करता येते, आणि माणसाच्या पायांचा विचार न करता केलेली गाडीबंदी लोकांना नकोशी होते. आगामी सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. त्यासाठी रस्त्यांवर होणाऱ्या खर्चातून कायमच्या बस मार्गिका आणि थांबे का करू नयेत, हा प्रश्न सध्याच्या चर्चेत सर्वांत निकडीचा आहे.

शहराबाहेर

मुंबईकडे जाण्यासाठी रेल्वे हा जुना आणि विजेवर चालणारा पर्याय आहे. इगतपुरीपर्यंत विद्युतीकरण १९३० च्या सुमारास झाले. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसने पासधारकांच्या दोन पिढ्या नोकरीला नेल्या. ज्यांना ती गाडी जमत नाही ते शेअर टॅक्सीने कसारा गाठून लोकल धरतात. कसाऱ्याची लोकल नाशिकपर्यंत आणावी ही मागणी जुनी आहे. थळ घाटाचा १:३७ चा चढ आणि त्यासाठी मागून लागणारी जादा इंजिने हे तिचे तांत्रिक उत्तर रेल्वेकडून मिळत आले आहे. मालवाहतुकीत देशातली पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघाली. कांदा, द्राक्षे, डाळिंबे डिझेलच्या ट्रकऐवजी रुळांवरून जाऊ शकतात, हे तिने दाखवले. नंतर ती सेवा ओसरली. पुण्याकडे जाणारा २३५ किलोमीटरचा नियोजित रेल्वेमार्ग खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या क्षेत्रातून जात असल्याने अडला आणि त्याची आखणी बदलण्याचा विचार सुरू झाला. नाशिक-पुणे प्रवास त्यामुळे अद्याप सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे रस्त्यानेच होतो. त्या मार्गावर एसटीची विजेवरची शिवाई बस धावू लागली, एवढाच काय तो बदल.